सकाळचा कागद, दुपारचा कागद

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "ताई, नागपुरात कॉम्प्युटर कसा आला यावर लिहाल का?" मी म्हटलं, तो कसा आला ते मला ठाऊक नाही. माझ्यापुढे आला तेव्हा त्याचं झाकण काढलेलं होतं, तारा लोंबत होत्या आणि आमचे शेठ म्हणत होते, "ताई, इसको जरा पळवून पाहा." तेवढ्याबद्दल मी लिहू शकते. मशीन किती पळतं आणि किती ओझं वाहतं हे पाहणं, एवढंच माझं काम होतं. ते मी बरीच वर्षं केलं, बऱ्यापैकी केलं, आणि एकदा चुकीचं केलं.

आमचं दुकान रामदासपेठेत, दोन दवाखान्यांच्या मधल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. शेठ जरीपटक्याचे. आधी रेडिओ विकत, मग टीव्ही, आणि ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा कॉम्प्युटर जोडून विकायला लागले. शेठना मशीन उघडता येत नसे, पण कोणाला उघडायला द्यावं हे बरोबर कळे. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून त्यांच्याकडे टीव्ही दुरुस्तीला लागले होते. आमचं घर विणकराचं. बाबांचा माग बंद पडला होता. पोरीने पेचकस हातात धरावा हे त्यांना फारसं पसंत नव्हतं, पण दुसऱ्या कोणाच्या मागावर मान मोडून बसण्यापेक्षा बरं, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

आता धंदा थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठी हिरवी पाटी असते. तो मदरबोर्ड. त्यावर आकडेमोड करणारी मुख्य चिप, मेमरीच्या चिपांच्या रांगा, आणि एका कडेला लांबट काळ्या खाचा. या खाचांत कार्डं खोचायची. एक पडद्याचं, एक प्रिंटरचं, लागलंच तर जास्तीच्या मेमरीचं. खाचा किती, मेमरी किती बसेल, पुढेमागे आणखी काय जोडता येईल, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असे. दुसरा प्रश्न वेगाचा. मुख्य चिप आपल्या मनाने चालत नाही. बोर्डावर अंगठ्याच्या नखाएवढी पत्र्याची एक चकचकीत डबी असते, तिच्यात स्फटिक असतो. तो ठोके देतो आणि ठोक्यांवर चिप पावलं टाकते. डबी काढून जास्त ठोक्यांची डबी बसवली की तीच चिप जोरात पळते. कारखान्याने सांगितल्यापेक्षा जोरात. आज याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, त्याच्या स्पर्धा भरतात म्हणे. आम्ही 'डबी बदलणं' म्हणायचो. माझ्याकडे वेगवेगळ्या ठोक्यांच्या डब्या होत्या, त्या मी सुपारीच्या डब्यात ठेवत असे.

डबी बदलणं दोन मिनिटांचं काम. बदलल्यावर मशीन सुरू झालं की दिल्ली-मुंबईचे लोक म्हणत, झालं. आम्हाला तसं म्हणून भागत नव्हतं, कारण आम्ही नागपुरात होतो. जानेवारीत हरणासारखी पळणारी चिप मे महिन्यात दुपारी दोनला काय करेल, हे जानेवारीत कळत नाही. म्हणून हिवाळ्यात मी चहाचं एक रिकामं लाकडी खोकं आणलं, आत शंभराचा बल्ब लावला, भिंतीवरचं तापमापक ठेवलं, आणि त्यात बोर्ड चालवून पाहू लागले. पहिलं खोकं घरी करून पाहिलं तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "काहून वं कुंदे, अंडी उबवून राह्यली का?" उन्हाळ्यात खोक्याची गरज नव्हती. दुपारी कूलर बंद करायचा, खिडकी लावायची आणि बसायचं. शेठ तेवढा वेळ खाली पानठेल्यावर जाऊन उभे राहत.

आणि एक नियम केला होता. तेच गणित सकाळी गारव्यात सोडवायचं आणि दुपारी उकाड्यात सोडवायचं. दोन्हीचे कागद छापायचे. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात आकड्यावर आकडा चपखल बसला तर बोर्ड पास. कुठे एखादा आकडा जाड किंवा लडबडलेला दिसला तर नापास. आकडे वाचायचीसुद्धा गरज नाही. बाबा धोतराचं पान उजेडात धरून सुटलेला धागा शोधत, ते बघूनच मला हे सुचलं होतं. पण मी ते त्यांना कधी सांगितलं नाही, याची आता चुटपुट लागते.

या कामात माणसं एकेक भेटली. एकदा शेठ दिल्लीहून मोठ्या कौतुकाने बोर्ड घेऊन आले. खाचा आठ, मेमरीला जागा भरपूर, आणि मुख्य चिपेच्या पाठीवर वेगाचा आकडा बारा मेगाहर्ट्झ छापलेला, म्हणजे त्या काळी उंची माल. मी सवयीने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चिपेच्या पाठीवरून फिरवला. बारा पुसले गेले. खाली आठ होते. कोणीतरी कमी वेगाच्या चिपांची पाठ घासून वर नवा आकडा छापला होता. दुसरा बोर्ड घेतला, त्याचेही बारा गेले. शेठ तो बोळा हातात घेऊन पाहू लागले. मग अगदी कळवळून म्हणाले, "ताई, तुम्ही पुसून काहून पाह्यता?"

एक ज्योतिषी होते, जोशीबुवा. त्यांनी कुंडलीसाठी आमच्याकडून मशीन नेलं आणि आठवड्यात परत घेऊन आले. मला वाटलं, बिघडलं. बुवा म्हणाले, "बिघडलं नाही जी, लय हुशार हाय. तेच तर वांधं हाय. मी जन्मवेळ टाकतो अन् बटन दाबलं का कुंडली बाहेर. गिऱ्हाईक म्हणते, महाराज, तुम्ही पाह्यलीच नाही." त्यांना मी मशीनच्या तोंडावरचं टर्बोचं बटण दाखवलं. ते मशीन हळू चालवण्यासाठीच असतं, जुने प्रोग्रॅम जास्त वेगात गोंधळतात म्हणून. बुवांनी ते दाबून पाहिलं. मशीन कण्हत-कुथत चालू लागलं तसा त्यांचा चेहरा उजळला. खूश होऊन त्यांनी तिथेच माझी कुंडली काढली आणि येत्या वर्षी माझं लग्न जमेल असं सांगितलं. माझा थोरला तेव्हा पहिलीत होता.

आता ठवकरसाहेबांचं सांगते.

ठवकरसाहेब प्रताप नगरात राहत. मूळचे उमरेडकडच्या शेतकरी घरातले, शिकून इंजिनियर झालेले. पाण्याच्या उंच टाक्यांची गणितं करणं हा त्यांचा धंदा. खांब किती जाड, त्यात लोखंड किती, वारा या बाजूने आला तर काय, त्या बाजूने आला तर काय. आधी ते हाताने करत. मग त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला आणि घराच्या गच्चीवरच्या खोलीत एक जुनं मशीन ठेवलं. आमच्या दुकानात आले ते घाम पुसतच.

"ताई, मले खाचा-गिचा नंतर सांगा," ते म्हणाले. "माझी अडचण ऐका. आमच्या भागात लाइट सलग तीन तासांच्या वर राहून नाही राह्यली. रात्री राहते, तं व्होल्टेज इतकं पडते का पंखाबी फिरत नाही. अन् माझं एक गणित सुटाले अख्खा दिवस लागते. निम्म्यात आलं का लाइट जाते. पुन्हा पहिल्यापासून."

"मग तुम्हाला किती वेळात सुटायला हवं?"

"लाइट जायच्या आत."

इतकी स्वच्छ मागणी मला कोणत्याही गिऱ्हाइकाने केली नव्हती. वेग हौसेसाठी नको, दिखाव्यासाठी नको, तीन तासांच्या आत नेमकं एक काम व्हायला हवं. त्या मागणीवर मी भाळले, हे आधीच कबूल करते.

शेठनी एक नवा एटी बोर्ड, म्हणजे तेव्हाच्या ताकदीच्या मशीनचा बोर्ड, मागवला. या वेळी पाठीवरचे बारा पुसले गेले नाहीत. आठ खाचा होत्या, आणि मुख्य चिपेशेजारी एक रिकामी जागा होती. तिथे फक्त आकडेमोडीची एक वेगळी चिप बसवता येते. ठवकरसाहेबांच्या गणिताला तीच हवी होती. ती त्यांचा परदेशातला मेहुणा आणणार होता. तोवर मी बोर्डाची परीक्षा सुरू केली. बाराच्या जागी पंधराची डबी लावली. डबी बदलली की नुसती मुख्य चिप पळत नाही, खाचांनासुद्धा तो जास्त वेग मिळतो आणि बिचारी जुनी कार्डं मागे पडतात. पुष्कळ लोक इथेच फसत. रिकाम्या बोर्डावर वेग पाहायचे, कार्डं भरल्यावर मशीन आडवं. म्हणून मी आठही खाचा भरल्या, दुकानात मिळेल ते कार्ड खोचलं. दोन कार्डं दमली, ती बदलली. एप्रिलच्या दुपारी कूलर बंद ठेवून चार दिवस बोर्ड चालवला. सकाळचा कागद, दुपारचा कागद, काचेला लावले, जुळले. बोर्ड पंधराला पास. वहीत मोठ्या अक्षरात तसं लिहिलं.

मेहुण्याची चिप आली ती अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. आणि शेठनी अक्षय तृतीयेला सकाळी अकराला नारळ फोडायचं ठरवून ठेवलं होतं. एवढं मोठं मशीन दुकानातून पहिल्यांदाच बाहेर जाणार होतं, पेढे सांगून झाले होते.

ठवकरसाहेबांनी मला परीक्षेसाठी एक जुनी लहान टाकी दिली होती. पूर्वी त्यांनी ती हाताने सोडवली होती, त्यामुळे उत्तर पक्कं ठाऊक. आदल्या दिवशी दुपारी मी चिप बसवली आणि बाराच्याच वेगाने ती टाकी सोडवली. वीस मिनिटं लागली. साहेबांच्या हातात तेव्हा तालुक्याची मोठी टाकी होती, ती म्हणजे हिच्या दहापट काम, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. लाइट तीन तासांत जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकान उघडून पंधराची डबी लावली. सोळा मिनिटं. म्हणजे मोठीला दोन तास चाळीस. मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. आदल्या दुपारचा कागद आणि आजचा सकाळचा कागद खिडकीला लावला. आकड्यावर आकडा.

दोन कागद जुळले, एक दुपारचा, एक सकाळचा. नियम पाळला, असं मी स्वतःला सांगितलं. पण दुपारचा कागद कमी वेगाचा होता, आणि वेगाचा कागद सकाळच्या गारव्यातला. उकाडा आणि वेग दोन्ही एका वेळी त्या नव्या चिपेने पाहिलेच नव्हते. आणखी एक गोष्ट मला दिसत होती. त्या बोर्डाच्या रचनेत आकडेमोडीच्या चिपेला मुख्य चिपेच्या दोन तृतीयांश वेग मिळतो. बाराला तिला आठ मिळत होते, पंधराला दहा. तिच्या पाठीवर आठ छापलं होतं. मुख्य चिप बाराची असून पंधराला पळतेय, मग हिला काय होतंय, असा विचार मी केला. शेठ दाराशी नारळ घेऊन उभे होते. "ताई, मुहूर्त निकल रहा है." मी झाकण लावलं. शेठना दोष देत नाही. दुपारपर्यंत थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते.

दोन आठवड्यांनी ठवकरसाहेबांचा फोन आला. प्रिंटरमध्ये कागद अडकतोय. मी दुपारचे चार वाजून गेल्यावर प्रताप नगरात पोचले, नुकतीच लाइट आली होती. गच्चीवरची खोली, वर स्लॅब, दिवसभर तापलेला. धूळ बसू नये म्हणून साहेबांनी चालू मशीनवरही पंचा टाकलेला. प्रिंटरचा कागद मी सोडवला. साहेब फार आनंदात होते. "ताई, तुमच्या मशीननं तं मजा आणली. तालुक्याची मोठी टाकी हातावेगळी झाली. आठ खांब. खोदकाम झालं, पाया भरला, उद्या खांबांचं लोखंड बांधाले घेऊन राह्यले."

मला तेव्हा शंका आली नव्हती. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. माझ्या पिशवीत त्यांची फाइल होती, फायलीत अक्षय तृतीयेचा सकाळचा कागद होता. म्हटलं, खरीखुरी दुपार आज सापडलीय, तर इथला कागद काढून वहीत जोडून टाकू. लहान टाकी लावली. सोळा मिनिटांनी कागद आला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले.

तिसऱ्या ओळीतला एक आकडा लडबडलेला होता.

मी कागद खालीवर करून पाहिले. पुन्हा लावले. एका जागी तीनवर आठ बसला होता. त्याखाली आणखी दोन ठिकाणी तसंच. मशीन थांबलं नव्हतं, पडद्यावर तक्रार नव्हती, प्रिंटरने कागद नेहमीच्याच ऐटीत छापला होता. मेमरी चुकली तर मशीन ओरडतं आणि बंद पडतं. ही चिप तापून, दमून, गुपचूप चुकत होती.

साहेब मागे चहा ओतत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. माझ्या पिशवीत बाराची डबी होती. झाकण उघडून ती बसवायची, "जरा हवा जायला जागा केली," असं म्हणायचं, आणि निघायचं. कोणालाही कळलं नसतं. इंजिनियर लोक लागतं त्यापेक्षा जास्त लोखंड धरतातच, टाकी बहुधा उभीच राहिली असती. त्या बहुधावर मी जितका वेळ घालवला तितका घालवायला नको होता. त्या टाकीखाली गावातल्या बाया नळावर उभ्या राहणार होत्या.

मी म्हटलं, "साहेब, इकडे या. हे पाहा."

ते कपबशी घेऊनच आले. मी आकडा दाखवला आणि सगळं सांगितलं. चिपेच्या पाठीवरचे आठ, मी दिलेले दहा, अर्धीच केलेली परीक्षा. "दोन आठवड्यांत या मशीनवर जे सोडवलं त्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "चूक मशीनची नाही. माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताई," ते म्हणाले, "हे तुमाले आत्ताच समजलं?"

"आत्ताच."

"बरं झालं, परवा लोखंड बांधून झाल्यावर नाही समजलं." त्यांनी कपबशी खाली ठेवली, स्कूटरची किल्ली घेतली. "मी जाऊन लोखंड थांबवतो. तुम्ही मशीनचं सुचेल तसं करा, पण मले खरं उत्तर द्या." आणि ते निघून गेले. चहा दोघांचाही राहिला.

मशीन सायकलरिक्षातून मांडीवर घेऊन मी रामदासपेठेत आणलं. शेठना सांगणं मला साहेबांना सांगण्यापेक्षा जड गेलं. त्यांच्या पेढ्यांचं मशीन होतं ते. शेठ सगळं ऐकून म्हणाले, "उसको सच बोल दिया?"

"हो."

"चुपचाप डबी बदलता येत होती?"

"हो."

त्यांनी मान हलवली, आणि खाली आवाज देऊन चहा मागवला. "मग ठीक आहे, ताई. पहिले चहा प्या. उद्या सकाळपासून कूलर तुमचा, खिडकी तुमची. मी बी इथंच बसतो."

दुसऱ्या दिवशी दहाला बाराची डबी लावून मोठी टाकी सुरू केली. आमचं दुकान दवाखान्यांच्या लाइनवर होतं, तिथली लाइट सहसा जात नसे. ठवकरसाहेब समोर स्टुलावर बसले. तीन तास वीस मिनिटांनी पहिला कागद निघाला. मग कूलर बंद केला, खिडकी लावली आणि पुन्हा पहिल्यापासून. शेठ एरवी पानठेल्यावर पळायचे, ते त्या दिवशी गंजीफ्रॉकवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत राहिले, आमच्याकडे पाहत. पाच वाजायच्या सुमारास दुसरा कागद आला. दोन्ही काचेला लावले. साहेबांनी, शेठनी आणि मी, तिघांनी पाहिले. सगळे आकडे बारीक आणि स्वच्छ.

मग साहेबांनी त्यावर जुना, दोन आठवड्यांपूर्वीचा कागद लावला. एका बाजूच्या वाऱ्याच्या ओळीत आकडे फुगून आले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, स्टुलावरच हिशेब मांडला. आठ खांबांपैकी तीन खांबांत लोखंड कमी पडत होतं. "पडली असती?" मी विचारलं.

"सांगता नाही येत," ते म्हणाले. "उभीबी राह्यली असती. पण मले झोप नसती लागली."

तिथेच बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती लिहिताना मला अजूनही हसू येतं. कूलर पुन्हा सुरू झाला, आम्ही तिघे त्याच्यापुढे ओळीने उभे होतो, आणि शेठ सहज म्हणाले, "साहेब, मशीनको बीच में थांबवून ठेवता नाही येत का? जहाँ तक हुआ वहाँ से पुढे?"

ठवकरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला. दर अर्ध्या तासाने झालेलं उत्तर फ्लॉपीवर टाकायचं आणि लाइट आली की तिथून पुढे चालायचं, एवढंच. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी दोन तासांत लिहून काढलं. दोन महिने आम्ही दोघं जाणकार माणसं वेगाच्या मागे लागलो होतो, डब्या बदलत होतो, मिनिटं मोजत होतो, आणि मशीनला मध्ये थांबू द्यावं हे एका रेडिओ विकणाऱ्या माणसाला सुचलं. मी वहीत त्या बोर्डापुढचे पंधरा खोडून बारा लिहिले. ते मशीन बारावरच पुढे कित्येक वर्षं चाललं, सगळ्या खाचा भरून, पंचा पांघरून.

त्यानंतर मी बोर्ड पुष्कळ पळवले. डबी बदलणं सोडलं नाही, आवडतं काम होतं ते. पण जे जे जोडायचं ते सगळं जोडून झाल्याशिवाय आणि त्याच वेगाचा दुपारचा कागद निघाल्याशिवाय झाकण लावलं नाही, मग मुहूर्त कोणाचाही असो. दोन-चार नारळ माझ्यामुळे दुपारनंतर फुटले. शेठ नव्या गिऱ्हाइकाला सांगत, "ताई का मुहूर्त दोपहर तीन बजे होता है."

पुढच्या वर्षीच्या थंडीत ठवकरसाहेबांचा निरोप आला, तालुक्याची टाकी पहिल्यांदा भरणार आहेत, या. मी एसटीने गेले. गावाबाहेर मोकळ्या जागेत टाकी उभी होती, आठ खांबांवर, नवी कोरी, माझ्या कल्पनेपेक्षा खूप उंच. पंप सकाळीच सुरू झाला होता. माणसं लांब, कुंपणापाशी उभी राहून वर पाहत होती. आणि टाकीच्या बरोबर खाली, मधोमध, लोखंडी खुर्ची टाकून ठवकरसाहेब बसले होते. कंत्राटदाराच्या माणसाने मला सांगितलं, साहेबांची पद्धतच आहे ती. त्यांनी केलेली टाकी पहिल्यांदा भरताना ते खाली बसतात, भरेपर्यंत उठत नाहीत.

मी कुंपणापाशी थांबले. साहेबांनी मला पाहिलं आणि हात केला. मग त्या माणसाला ओरडून म्हणाले, "अरे, अजून एक खुर्ची आण गा. ताई आल्या."

मी गेले. काय करणार, जावंच लागलं. शेजारी खुर्ची टाकली, त्यावर बसले. वर पाण्याचा आवाज येत होता, आधी पोकळ, मग हळूहळू भरीव. मी एकेका खांबाकडे पाहत होते. कोणते तीन ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. साहेब काही वेळ पेरणीचं, पोरांच्या शाळेचं बोलले. आवाज कमी कमी होत गेला. मी पाहिलं तर ऊन पायांवर घेऊन, हात पोटावर ठेवून, मान एका बाजूला टाकून ते गाढ झोपले होते.